दर्भाचा कावळा

आत्या, कावळा शिवला नाही.

परवा तुझा दहावा झाला. अर्धी वाडी नदीवर उन्हात ताटकळत उभी होती आणि कावळे पलीकडच्या करंजावर बसून आमची गंमत बघत होते. पिंडाशेजारी भात होता, दही होतं, तुझ्या आवडीची नाचणीची भाकरी होती. मशेरीची चिमूट मी ठेवली. वेल्ह्याहून आलेल्या भटजींनी नाक मुरडलं, पण मी ती उचलली नाही. मशेरीवाचून तू स्वर्गाच्या दारातूनसुद्धा माघारी आली असतीस, हे त्यांना काय माहीत.

कावळा हलेना म्हणताच सगळे तुझी इच्छा ओळखायला लागले. जिवंतपणी तुला काय हवं ते एकानंही कधी विचारलं नाही, आणि परवा बघ, नुसती चढाओढ. वाडीतले धोंडूकाका म्हणाले, "तानू, देवीच्या घुमटीवर ह्या साली नवी कौलं घालतो." कावळा जागचा हलला नाही. मग माझे वडील, तुझे थोरले भाऊ, आपले दादा पुढं झाले. हात जोडून म्हणाले, "तानू, देवीचं आंगण ओस पडू देत न्हाई आमी. हौसा झाडंल. तुझ्यावानीच झाडंल जलमभर. घोर करू नगं. शिव आता."

हौसा माझ्या शेजारीच उभी होती. माझी धाकटी बहीण, अजून विशी गाठली नाही तोवर कपाळ मोकळं झालेली. तिचा हात माझ्या हाताला लागत होता आणि भर उन्हात गार पडला होता. मला राहवलं नाही. बायांच्या खडकावरून मी ओरडले, "दादा, हौसाचा पाट लावतो म्हना! आत्याच्या मनात तेच हुतं. मला बोलली हुती ती."

दादांनी माझ्याकडे मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. "तानू आसं बोलनारी न्हवती," एवढंच म्हणाले, आणि भटजींना म्हणाले, "लई येळ झाला. दर्भाचा करा."

भटजींनी चार काड्या वळून गवताचा कावळा केला आणि पिंडाला टेकवला. झालं. कावळा शिवला. सगळे तसं धरून चालले, आंघोळी केल्या, ओली धोतरं पिळली आणि घरोघर गेले. आत्या, एक वाक्य म्हणायचं होतं गं. त्याला ना पैसा लागत होता, ना कौलं. ते म्हणण्यापेक्षा माझ्या बापाला गवताचा कावळा सोपा वाटला. तेव्हापासून माझं डोकं फिरलेलं आहे. ज्यांच्यावर ओरडावं ते सगळे वयानं मोठे, म्हणून तुझ्यावर ओरडते. तू ऐकून घ्यायचीस. आणि खरं सांगायचं तर त्यातला थोडा राग तुझ्या वाट्याचाही आहे.

"आमच्यात पाट लावत न्हाईत." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. मला वाटायचं, हे तोरण्याच्या डोंगराइतकं जुनं असणार. कुठलं जुनं? तूच मला एकदा भात कांडताना सांगितलंस की आपली पणजी, तुझ्या बापाची, माझ्या आज्याची आई, पाटाचीच होती. पहिला नवरा वाघानं नेला, दीड वर्षात तिला दुसऱ्या घरी दिली, आणि त्या दुसऱ्या घरात आजा जन्मला. आज्यापासून आपण सगळे. मग आज्यानं थोरल्या आत्याला खाली देशावरच्या वतनदार पाटलांकडे दिली. घरचं झालं थोडं न् व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात, तसं त्या व्याह्यांनी त्यांची रीत आपल्या दारात आणून बांधली. आमच्या सोयऱ्यांत पाट चालत नाही, म्हणाले. आज्यानं मान डोलावली. आणि नेमकी त्याच साली तू कपाळ पुसून माहेरी आलीस, जेमतेम न्हातीधुती झालेली पोर. थोडं आधी नवरा मेला असता तर तुझा पाट लागला असता, पोरंबाळं झाली असती, आणि आज तू कुठल्या तरी घरची भांडकुदळ सासू असतीस. तो अवगुण तुझ्यात पुरेपूर होता.

पणजीचं नाव घरातून पुसलं गेलं. म्हाळाला साऱ्या मेलेल्यांची आठवण निघायची, तिची कुणी काढत नव्हतं. जिच्या पोटी वंश वाढला तिलाच लपवायचं आणि मग छाती काढून सांगायचं की आमच्यात नाही असलं काही. मी भोरात राहते. तिथं बामणाच्या आळीत केस काढलेल्या, आलवण नेसलेल्या बाया मी लहानपणी नदीवर रोज बघायची. आता त्याच आळीत दोन घरांनी पुण्याला जाऊन आपल्या विधवा लेकींची लग्नं लावली. ज्यांचं बघून आपण मोठे व्हायला निघालो ते ती रीत सोडायला लागले, आणि आपण तिला मिठी मारून बसलो. हे मी दादांना सांगितलं तर म्हणाले, "त्यास्नी काय, त्ये शिकल्याली हायेत." सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तो असा.

पण मला तुझ्याशी बोलायचंय ते माळजाईबद्दल. आपलं खरं भांडण तिच्यावरून.

तुला आठवतं, मला काखेला मारून घुमटीपाशी न्यायचीस? उंबराखाली ती छोटी घुमटी, आत शेंदरानं माखलेला गोळा, त्याला चांदीचे डोळे चिकटवलेले. तुला उंबरठ्याच्या आत जायची बंदी. ओटी भरायची नाही, कुंकवाच्या बोटाला शिवायचं नाही, फक्त अंगण झाडायचं. तू बाहेरूनच विचारायचीस, "दिसला का हात? आय हात वर करून बघती आपल्याकडं." मला कसलाच हात दिसत नव्हता. शेंदराचा एक फुगवटा दिसत होता बाजूला, पोळीला पापुद्रा येतो तसा. मी नाही म्हणाले की तू माझी हनुवटी धरून मान वळवायचीस. "आता बघ. नीट बघ. समद्यास्नी दिसतो आन तुला कसा दिसत न्हाई?" आणि एक दिवस दिसला. चांगला कोपरापासून पंजापर्यंत दिसला, आशीर्वाद देणारा. त्यानंतर मी हजारदा त्या गोळ्याकडे बघितलं, पण तो नुसता फुगवटा मला पुन्हा कधी दिसला नाही. डोळे आपले असतात आत्या, पण काय बघायचं ते दुसरेच ठरवतात. आणि ज्यांनी ठरवलं त्यांनाही कुणीतरी हनुवटी धरूनच शिकवलेलं असतं.

मला याचा राग आहे, आणि मी त्याच हातामुळे शिकले हेही खरं आहे. चौथीनंतर मामा मला भोरला न्यायला आला. आजा म्हणाला, पोरीची जात, शिकून काय कचेरीत बसणार? मामा कचेरीत शिपाई होता, तो बिचारा गप्प झाला. तेव्हा तू खराटा टाकून दारात येऊन उभी राहिलीस. "देवीनं हात हालवला. म्या बघितला. पोरीला जाऊ द्या म्हनली." आज्याचा चेहरा पडला. तू आपल्या मनचं म्हणून सांगितलं असतंस तर त्यानं तुला हाकलली असती, पण देवीला कोण हाकलणार? दुसऱ्या दिवशी मी मामाच्या मागे डोंगर उतरले. आज मी भोरच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण आहे, महिन्याच्या महिन्याला पगार घेते, नवरा मला नावानं हाक मारतो, ही सगळी त्या एका वाक्याची कमाई. तुझे हे उपकार मी विसरलेली नाही. म्हणूनच तर पुढचं मला सहन होत नाही.

माझ्या पहिल्या बाळंतपणाला मी वाडीवर आले होते, दिवस भरायला अजून अवकाश होता. त्या श्रावणात माळजाईनं खोळ टाकली. पिढ्यान्पिढ्यांचा शेंदूर ओलीनं सुटला आणि सकाळी तिच्या पायाशी लाल ढेकळांचा ढीग पडला. गाव हादरलं. देवी कोपली म्हणाले. पुन्हा शेंदूर चढवायला हवा, पण उघड्या देवीला हात कोण लावणार? गुरव आजारी पडला, म्हणजे पांघरूण घेऊन झोपला. ज्यांच्या घरी लेकीसुना, गुरंढोरं, उभं भात, ते सगळे एकमेकांची तोंडं बघत बसले. शेवटी पंचांना सुचलं, तानूला सांगा. जिला उंबरा ओलांडायची बंदी, तिलाच आत पाठवली. कारण कोप झालाच तर तुझं जाण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आणि तू ते मानानं घेतलंस! "आयनं मला बोलावलं," म्हणालीस. त्या वेळी मला पंचांची डोकी फोडावीशी वाटली होती.

तू खुरासणीच्या तेलात शेंदूर कालवून आत गेलीस. मी पोटुशी म्हणून लांब, उंबराखाली उभी. पण मला दिसलं. आत देवी नव्हतीच. ना तोंड, ना डोळे. दगडावर एक हात कोरलेला, कोपरात वाकवून उभा धरलेला. मनगटापासून दाटीनं बांगड्या, पंजा उघडा, वर चंद्र आणि सूर्य. भोरला आमच्या शाळेतल्या बाईंनी आम्हा मुलींना देवळामागचा तसाच दगड दाखवला होता. नवऱ्याच्या चितेवर जळालेल्या बाईची ती खूण. बांगड्या फुटल्या नाहीत, सौभाग्य अखंड राहिलं, असा त्याचा अर्थ.

मी तिथूनच म्हणाले, "आत्या, ही देवी न्हवं. ही सती गेल्याली बाई हाय. जाळलीया हिला."

तू पाठमोरी होतीस. खूप वेळ हलली नाहीस. मग वाटीत बोटं बुडवलीस आणि पहिलं बोट त्या पंजाला लावलंस. मी आणखी मोठ्यानं म्हणाले, "बगितलंस न्हवं? मग झाकतीस कशाला?"

"गप ऱ्हा," तू म्हणालीस. "दोन जिवांची हायेस. तरास करून घिऊ नगं."

दिवेलागणीपर्यंत हात दिसेनासा झाला. चांदीचे डोळे पुन्हा चिकटले. दुसऱ्या दिवशी वाडीतल्या साऱ्या अहेव बाया खण-नारळ घेऊन रांगेला लागल्या. बांगड्या वाचवण्यासाठी जिला आगीत घातली, तिच्याकडे आपल्या बांगड्या वाचव म्हणून पदर पसरायला! आणि जी जगली म्हणून कमनशिबी ठरली ती बाहेर खराटा घेऊन उभी. मला ओरडावंसं वाटलं. ओरडलेही. हौसा तेव्हा परकरातली, ती घाबरून रडायला लागली. बाया म्हणाल्या, गरवारपणात डोकं फिरतं एकेकीचं.

त्या दिवसापासून मी तुझ्याशी नीट बोलले नाही. येत होते, लुगडं आणत होते, मशेरी आणत होते, पण मनातून मी तुला भित्री म्हणत होते. तू सगळं बघितलंस आणि पुन्हा बुजवलंस, हे मला गिळता येत नव्हतं.

मग गेल्या साली हौसाचा नवरा गेला. मुंबईला गोदीत होता, विषमज्वरानं गेला. पोर पुरता एक पावसाळाही नांदली नव्हती. आई गेल्यापासून हौसाला तू वाढवलीस, तुझ्या कुशीत ती झोपायची, तुझ्यासारखीच ती हसताना तोंडावर पदर घेते. आणि तिच्यासाठी मार्गासनीहून माणूस चालून आला. किसन. बायको बाळंतपणात गेलेली, स्वतःची खाचरं, बैलजोडी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. लावणीला आपल्या वाडीत येऊन गेलेला. मामानं शब्द टाकला. दादांनी तोच जुना पाढा म्हटला, आमच्यात पाट लावत नाहीत. आणि पुढं काय म्हणाले ठाऊक आहे? "तानू ऱ्हायली का न्हाई देवीची हून? कुनी नाव ठिवलं तिला? हौसाबी ऱ्हाईल."

आत्या, तुझ्या चांगुलपणाची काठी केली त्यांनी. तू कधी वाकडं पाऊल टाकलं नाहीस, कधी हट्ट केला नाहीस, पहाटे उठून अंगण झाडलंस, लोक तुझ्या पाया पडले, आणि त्या सगळ्याचं दावं करून एका तरण्या पोरीच्या गळ्यात अडकवायला निघाले. तू उर्मट असतीस, पळून गेली असतीस, तर हौसा सुटली असती.

म्हणून दिवाळीत मी तुझ्या पाया पडले. म्हणाले, एकदा सांग. माझ्या वेळी देवी बोलली, आता हौसाच्या वेळी बोलू दे. दादा ऐकतील. तू झाडत होतीस, हात थांबवला नाहीस. म्हणालीस, "आता बोलत न्हाई ती." मला वाटलं, तुला पोर सोडवत नाही. म्हातारपणाला सोबत हवी म्हणून गप्प आहेस. मी तोंडावर तसं बोलले. पानं गोळा करून उंबराच्या बुंध्याशी ओतलीस आणि घराकडे निघून गेलीस.

या भादव्यात तू अंथरूण धरलंस. मी आले तेव्हा खोकल्यानं तुझ्या बरगड्या मोजता येत होत्या. पडवीत आपण दोघीच होतो, हौसा पाणी आणायला गेली होती. तू आपणहून विषय काढलास.

"शेवंते, तुझ्या येळंला म्या खोटं न्हाई बोलले. हात हालला हुता. म्या बघितला हुता. तू मला लबाड समजू नगंस."

"मग हौसाच्या येळंला का न्हाई हालत?"

"मदी खोळ पडली न्हवं का. म्या बगितलं तिला समूरनं. आशीर्वाद द्याया कुनी येवढी बोटं ताणतं व्हय? ती थांबा म्हनत हुती गं, लोकास्नी. आन लोकं ढोल वाजवत आसत्याल." तू दम घ्यायला थांबलीस. "आता तिच्या नावानं म्या काय सांगू? खोटं बोलवत न्हाई. आन माझ्या नावानं सांगितलं तर कोन ऐकतंय? म्या कोन?"

तरी मी विचारलंच. इतकी वर्षं सडत होता तो प्रश्न. "मग शेंदूर का फासलास तिला?"

तू माझ्याकडे असं बघितलंस की जणू मी शाळेत काहीच शिकले नव्हते.

"भाजल्यावर त्याल न्हाई लावत व्हय?" म्हणालीस.

आत्या, मी तुझे पाय धरून रडले ते तुला कळलं का नाही, देव जाणे. तू डोळे मिटले होतेस. सारा गाव तिच्याकडे मागायला जात होता. तिचं अंग भाजलंय, हे एकट्या तुला दिसलं. मी दगड ओळखला होता, तू बाई ओळखलीस. आणि ज्या दिवशी ओळखलीस त्या दिवशी तुझ्याकडे असलेला एकुलता एक आवाज तू घालवून बसलीस, आणि कुणाला सांगितलंही नाहीस. मी तुला भित्री म्हणत राहिले.

पण राग त्यानं गेला नाही. उलट वाढला. मी निघताना तू म्हणालीस, "हौसीच्या हातात खराटा दिऊ नगा." मी म्हणाले, हे मला कशाला सांगतेस, दादांना सांग. तुझ्या तोंडानं सांग, एकदाच. "सांगीन," म्हणालीस. मी भोरला परतले, आणि तू न सांगताच गेलीस. दादा रोज दोन वेळा तुझ्या उशाशी येऊन बसत होते! धाकट्या बहिणीवर जीव होता त्यांचा, म्हणजे त्यांच्या पद्धतीनं होता. तुझा श्वास घोटाळत होता हे मला कळतं. तरी वाटतं, तू शेवटपर्यंत वाट बघत राहिलीस की ऐकण्यासारखं कुणीतरी तुझ्या तोंडून बोलेल. तुला एवढं पक्कं शिकवलं होतं त्यांनी, की तानू म्हणून कुणी नसतंच.

आता परवा संध्याकाळचं ऐक.

दहावा उरकून सगळे ओट्यावर बसले होते. दादांनी घुमटीपाशी जाऊन तुझा खराटा आणला. काड्या झिजून तोकडा झालेला, मुठीपाशी तुझ्या लुगड्याची चिंधी बांधलेला. तो त्यांनी हौसापुढं धरला. "घी पोरी. तानूचा हाय."

मी उठलेच होते. माझ्या ओठावर पुन्हा तेच, आत्या म्हणाली होती, आत्याच्या मनात होतं. हौसानं मला हातानं मागं सारलं.

"आक्का, तू थांब," ती म्हणाली. मग दादांकडे बघून, पदर तोंडावर न घेता बोलली. "दादा, मला न्हाई झाडायचं. मला नांदायचंय."

धोंडूकाका ओरडले, "आगं, लाज हाय का काय? तानूचा आत्मा..."

"आत्याच्या मनातलं मला ठावं न्हाई," हौसा म्हणाली. "कावळ्याचंबी ठावं न्हाई. माझं मला ठावं हाय. मला नांदायचंय."

आवाज मोठा नव्हता. विहिरीवर घागर मागावी तसा साधा होता. आणि आत्या, मला स्वतःचीच शरम वाटली. वर्षभर मी देवीला बोलायला लावत होते, तुला बोलायला लावत होते, शेवटी कावळ्याच्या चोचीतून बोलले. जिच्या जन्माचा प्रश्न तिला तोंड आहे, हे दादांना तर दिसलं नाहीच, पण मलाही दिसलं नव्हतं. शिकलेली मी! माझीही हनुवटी कुणीतरी धरलेलीच होती.

दादा तो खराटा धरून उभे राहिले. काय बोलतील म्हणून सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी खराटा भिंतीला टेकवला आणि गोठ्यात गेले. बराच वेळ बैलाला वैरण घालत राहिले, बैलापुढं आधीचीच पडली होती.

काल सकाळी मी निघाले तेव्हा गाडी त्यांनीच जुंपली. म्हणाले, "हौसाला चार दिस भोरला घिऊन जा. हवापालट हुईल." मी बरं म्हणाले. मग जुवाची दोरी उगाचच पुन्हा आवळत, खाली बघत म्हणाले, "वाटंत मार्गासनी लागती. ऊन हाय. किसनच्या घरी पानी प्या."

एवढंच. पाट हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही, आणि मरेपर्यंत निघायचा नाही. जन्मभर गवताचे कावळे करणाऱ्या माणसाला मी माफ केलेलं नाही. तुझी सगळी वर्षं त्यांनी आणि आज्यानं मिळून खाल्ली, ती कुणाच्या घरी पाणी प्यायल्यानं परत येत नाहीत. पण आम्ही मार्गासनीला थांबलो. किसनच्या आईनं तांब्या पुढं केला. हौसानं घटाघटा रिकामा केला आणि आणखी मागितला. मग पुढं कापूरहोळपर्यंत गाडीत मला टेकून झोपली, तोंड उघडं टाकून, तू झोपायचीस तशी.

आज वाडीचा एक गडी भोरच्या बाजाराला आला होता. धोंडूकाकांचा निरोप घेऊन. घुमटीपुढं उंबराच्या पानांचा खच पडलाय, देवीचं अंगण असं बघवत नाही, आता कोण झाडणार, असं विचारलंय.

मी सांगून पाठवलं, ज्याला पानं दिसतात त्यानं झाडावीत.